हवेला तेल समजू नका: न्यूमॅटिक सिलिंडरचा वेग लावताना या चुका टाळा

हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांवर हात बसलेला माणूस न्यूमॅटिक म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरकडे वळला की हवेनेही तेलासारखेच मुकाट ऐकावे अशी त्याची अपेक्षा असते आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. १०० बार दाबाखाली तेलाचे आकारमान एक टक्क्यानेही घटत नाही. ६ बारच्या लाइनमध्ये मात्र मोकळ्या हवेचे सात भाग एका भागात कोंबलेले असतात. म्हणजे पिस्टनच्या मागे आपण स्प्रिंगच बसवलेली असते.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे डबल ॲक्टिंग (दोन्ही दिशांना हवेनेच चालणाऱ्या) सिलिंडरमध्ये आत येणारी हवा आवळणे. खोके ढकलणारा एक सिलिंडर असाच अडखळत, धक्के देत चालत होता. दोन पाळ्यांत दोनदा सील किट बदलले गेले, लुब्रिकेटरला दोष देऊन झाला, दाब ६ वरून ८ बारवर नेला, तेव्हा धक्के आणखी वाढले. मी फक्त पोर्टवरच्या, म्हणजे हवेच्या तोंडावरच्या फ्लो कंट्रोलचे (प्रवाह आवळणाऱ्या व्हॉल्व्हचे) चिन्ह पाहिले. तुटलेल्या व्हॉल्व्हच्या जागी हाताला लागला तो बसवला होता आणि तो आत येणारी हवा अडवणारा निघाला. दोन्ही प्रकार दिसायला जवळपास सारखेच, अंगावरचा बाण तेवढा उलटा. हवा थेंबाथेंबाने भरते, दाब घर्षणावर मात करतो, पिस्टन उसळतो, जागा वाढल्याने दाब पडतो आणि पिस्टन पुन्हा थांबतो. बाहेर जाणारी हवा आवळली की पिस्टन दोन्ही बाजूंनी दाबात धरला जातो. योग्य व्हॉल्व्ह लावल्यावर काम पाच मिनिटांत मिटले. माझी सवय अशी की स्क्रू पूर्ण बंद करायचा, प्रत्यक्ष भार लावायचा आणि मग अर्धा अर्धा फेरा उघडत जायचे. रिकाम्या सिलिंडरवर वेग लावून निघून जाणाऱ्यांना पुन्हा बोलावले जातेच.

हाच नियम डोळे मिटून हायड्रॉलिककडे नेऊ नये. तिथे पिस्टनचे रॉडच्या बाजूचे क्षेत्रफळ दुसऱ्या बाजूच्या निम्मे असेल आणि बाहेर पडणारे तेल आवळले, तर भार नसताना १६० बारचे त्या बाजूला ३२० बार होऊ शकतात.

दुसरी चूक मधेच थांबवण्याची. मधल्या स्थितीत सर्व पोर्ट बंद करणारा पाच-तीन (पाच पोर्ट, तीन स्थितींचा) व्हॉल्व्ह लावला की पिस्टन जागच्या जागी थांबेल, हा समज तेलाकडून उसना घेतलेला आहे. दोन्ही बाजूंची हवा समतोल होईपर्यंत पिस्टन सरकतो आणि उभा भार गळतीमुळे हळूहळू खाली येतो. तिथे रॉडला पकडून धरणारे रॉड लॉकच हवे. ड्रिलच्या फीडसाठी हवेच्या सिलिंडरला समांतर हायड्रो-चेक (तेलाने वेग रोखणारा सिलिंडर) जोडावा, नाहीतर ड्रिल आरपार जाताक्षणी पुढे झेपावते आणि मोडते.

वेग कमी पडतो म्हणून दाब वाढवण्याआधी बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज कमी करणारा सायलेन्सर चोंदला आहे का ते पाहावे. फ्लो कंट्रोल सिलिंडरच्या पोर्टवरच असावा, चार मीटर नळीच्या पलीकडे नव्हे. लाइन रिकामी करून पुन्हा सुरू केली की बाहेर जाणाऱ्या बाजूला अडवायला हवाच नसते, त्यामुळे पहिला स्ट्रोक गोळीसारखा सुटतो. लाइनमध्ये दाब हळूहळू चढवणारा सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह न बसवणे हा मला निव्वळ आळस वाटतो.

आणि मुख्य कॉक बंद केला म्हणून फिटिंग लगेच सैल करू नये. पायलट चेक व्हॉल्व्ह (इशाऱ्याचा दाब मिळाल्याशिवाय हवा परत न सोडणारा) असेल तर हवा आतच अडकून राहते. ६३ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये ६ बारला सुमारे १९० किलोचा जोर असतो. आधी भाराला टेकू द्यावा, मग हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडावा आणि सुस्कारा पूर्ण थांबल्यावरच पाना हातात घ्यावा.