थंडी लागली, माशांच्या खाद्याला हात आखडा

दिवाळी सरली की पहाटे शेततळ्यावर वाफ दिसू लागते. रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्यांनी खाद्याचं माप बदलायची हीच वेळ. या माशांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की भूक मंदावते, पचनही. आपण मात्र सवयीने तेवढीच पेंड टाकत राहतो. थंडीतली बरीच मर इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

या माशांना जठरच नसतं. आपल्या पोटातलं आम्ल अन्नातले बरेच जंतू मारतं. रोहूकडे तो पहारा नाही. खराब पेंडीतले जंतू जिवंतच आतड्यात उतरतात. तिथे त्यांना अडवतो आतड्याचा बुळबुळीत थर आणि त्यात नांदणारे चांगले जिवाणू. आतड्याच्या शेवटाकडच्या पेशी तर बारीक कण न पचवताच आत ओढतात आणि लगतच्या भक्षक पेशींच्या हवाली करतात. शत्रूची ओळख इथे पटते, मग त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, म्हणून थंडीत हे सगळं रेंगाळतं. अशात आतड्याचं अस्तर दुखावलं, तर पाण्यात एरवीही असणारा एरोमोनास नावाचा जिवाणू रक्तात शिरतो. पोट फुगतं, खवले उभे राहतात, गुदद्वार लाल होतं.

खाद्य निम्म्यावर आणा आणि ऊन चढल्यावर, दहा-अकराला द्या. भोकं पाडलेल्या गोणीत खाद्य भरून ती बांबूला बांधा, दोन तासांनी वर ओढून बघा. उरलं असेल तर उद्या आणखी कमी. भुईमुगाची पेंड मुठीत चुरून हुंगा. कुबट वास आला तर ती तळ्यात नको. उन्हात वाळवून बुरशी मेली तरी तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, मागे राहतं.

मर दिसली की लगेच प्रतिजैविक मिसळू नका. त्याने चांगले जिवाणूही मरतात, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदीच आहे. आधी नुकताच मेलेला मासा चिरून बघा. निरोगी आतडं फिकट आणि चिवट लागतं. दुखावलेलं लालसर, पातळ, आत पिवळट शेंबडासारखा द्रव. असं दिसलं तर दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा आणि अजून जिवंत असलेला आजारी मासा ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत तपासणीला न्या. कुजलेल्या माशात भलतेच जिवाणू वाढलेले असतात.