पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग काढताय? मधल्या नटाला आधी हात लावू नका

गाडी जॅकवर घेतली, चाक लटकलं, म्हणजे स्प्रिंगवरचा लोड गेला असं बऱ्याच जणांना वाटतं. लोड जात नाही. चाक हवेत असलं तरी स्प्रिंग शॉकअपची खालची सीट आणि वरचं माउंटिंग यांच्यामध्ये दाबूनच बसवलेली असते आणि तिला धरून ठेवतो तो वरचा मधला एकच नट. स्प्रिंग न आवळता तो सोडला तर माउंटिंग आणि स्प्रिंग जोरात उडतात, समोर हात असो की तोंड.

सपाट पक्की जागा बघा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा, मग जॅक आणि लगेच स्टँड. नुसत्या जॅकवर काम नकोच. चाक निघालं की ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर शॉकअपवरून सोडवा, लिंक रॉड (शॉकअपला अँटीरोल बारशी जोडणारी दांडी) सोडवा. शॉकअप नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या खालच्या दोन जाड बोल्टांपैकी एखादा कॅम्बर (चाकाचा उभा कल) ॲडजस्ट करायचा असू शकतो, म्हणून काढायच्या आधीच बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पेंटने एक रेघ मारून ठेवा. नकल तारेने बांधा, नाहीतर ते बाहेर कलतं, होजवर ताण येतो आणि ॲक्सलचा आतला जॉइंटही निसटू शकतो. मग बॉनेट उघडून माउंटिंगचे कडेचे नट काढा, शेवटचा काढताना खालून शॉकअप धरायला कुणीतरी हवं. मधला नट अजून तसाच. काही गाड्यांत कडेचे नट नसतातच, वरून मधलाच दिसतो, तिथे त्या गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय पाना लावू नका.

आता खरं काम, स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंगला हुकांनी धरून आवळणारे लांब आट्यांचे बोल्ट. आधी त्याचे आटे बघा, झिजलेले किंवा हूक वाकलेला असेल तर तो बाजूला ठेवा, पैसे वाचवायची ही जागा नाही. आटे साफ करून ग्रीस लावा. दोन्ही कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावा, हुकांमध्ये जमतील तेवढे जास्त वेढे घ्या, लॉकची पिन असेल तर ती घाला. मग हातपान्याने थोडे फेरे इकडे, तेवढेच तिकडे. एअर गन अजिबात नको, आटे तापून जातात आणि कुठली बाजू किती आवळली ते कळत नाही. स्प्रिंग केळ्यासारखी एका बाजूला वाकायला लागली किंवा हूक सरकताना दिसला तर थांबा, हळूहळू ढिलं करा, पुन्हा नीट लावा.

किती आवळायचं? स्प्रिंग सीटवर हाताने हलायला लागली की बास, वेढे एकमेकांना टेकेपर्यंत नाही. ती हलत नसेल तर मधल्या नटाची वेळ अजून आलेली नाही. हलली की रॉड ॲलन कीने धरून नट सोडा, पण तोंड आणि छाती शॉकअपच्या सरळ रेषेत ठेवू नका, बाजूला उभं राहा, चष्मा घाला. आवळलेली स्प्रिंग तशीच पडू देऊ नका, आपटू नका, कॉम्प्रेसर दोन्हीकडून थोडा थोडा सोडून तिला मोकळी करूनच बाजूला ठेवा.

तुटलेल्या किंवा गंजून पापुद्रे सुटलेल्या स्प्रिंगवर असे सुटे हूक नीट पकडत नाहीत, तो शॉकअप न खोलता मोठं फिक्स मशीन असलेल्या गॅरेजला द्या. आणि ज्या गाड्यांत स्प्रिंग लोअर आर्म आणि चासीच्या मध्ये असते त्यांना वरची पद्धत लागूच होत नाही, तिथे आर्म सोडला की स्प्रिंग थेट बाहेर येते.

नवीन स्प्रिंग बसवताना खालचं टोक सीटच्या खाचेत टेकलंय ना बघा, मधला नट नवीन घ्या, तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला (किती जोराने आवळायचं ते माप) टाईट झाल्यावरच कॉम्प्रेसर सोडायला घ्या. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदला, एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी एका बाजूला बसलेली दिसते. आणि रेघ कितीही नीट जुळवली तरी व्हील अलाइनमेंट करून घ्याच.