युरोपच्या शेती अनुदानात बदल नक्की कधी होणार, हे कसं ओळखावं

"नवे नियम कोणत्या वर्षापासून?" हा प्रश्न मला बाराही महिने ऐकावा लागतो. आयर्लंडच्या पश्चिम भागात शेतकऱ्यांचे अनुदानाचे अर्ज भरून द्यायचं काम मी करते. विचारणाऱ्याला युरोपच्या राजकारणात रस असतोच असं नाही. कुणाला शेजारची जमीन पाच वर्षांच्या कराराने घ्यायची असते, कुणाला गोठा वाढवायचा असतो, कुणाला शेत मुलीच्या नावावर करायचं असतं. वर्षाचा अंदाज चुकला तर कर्जाचे हप्ते त्याच्या गळ्याशी येतात. म्हणून हा अंदाज मी कसा बांधते ते सविस्तर लिहिते. युरोपात शेतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मराठी मंडळींना ते उपयोगी पडावं.

सुरुवात नेहमी पैशाच्या कॅलेंडरपासून करा, मंत्र्यांच्या भाषणांपासून नको. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प सात वर्षांचा असतो आणि सध्याचा ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो. एकूण रक्कम ठरल्याशिवाय सामायिक कृषी धोरणाच्या, म्हणजे सगळ्या सदस्य देशांतल्या शेती अनुदानाच्या, नियमांवर कुणीही शेवटची सही करत नाही. मागच्या दोन फेऱ्या बघा. २०१४ पासूनच्या काळासाठीचा प्रस्ताव ऑक्टोबर २०११ मध्ये आला, राजकीय सहमती जून २०१३ मध्ये झाली आणि थेट अनुदानाची नवी पद्धत २०१५ मध्ये सुरू झाली. त्यानंतरचा प्रस्ताव जून २०१८ चा. तो २०२१ पासून लागू व्हायचा होता. सहमतीलाच जून २०२१ उजाडला आणि नियम १ जानेवारी २०२३ ला लागू झाले. मधल्या काळात जुनेच नियम मुदतवाढ देऊन चालवले. म्हणून जाहीर झालेल्या तारखेत मी एक ते दोन वर्षं मिळवते.

२०२८ ते २०३४ साठीचा प्रस्ताव १६ जुलै २०२५ ला आला. त्यात शेतीचा पैसा मागास भागांच्या विकासनिधीबरोबर एकाच राष्ट्रीय आराखड्यात घालायचा विचार आहे आणि शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी सुमारे ३०० अब्ज युरो राखून ठेवले आहेत. दोन मोठे वाद एका गाठीत बांधले की ती गाठ सुटायला जास्त वेळ लागतो. म्हणून २०२८ चं वर्ष जुन्या नियमांचं धरूनच हिशोब मांडा, असं माझं सांगणं आहे.

उशीर होणार की नाही, याची एक खात्रीची खूण आहे. युरोपीय आयोग, म्हणजे संघाच्या कायद्यांचे प्रस्ताव मांडणारी संस्था, 'संक्रमणकाळाच्या नियमावली'चा, म्हणजे जुने नियम तात्पुरते पुढे चालवण्याचा, मसुदा मांडतो का, याकडे लक्ष ठेवा. मागच्या वेळी तो ३१ ऑक्टोबर २०१९ ला आला, म्हणजे मुदत संपायच्या चौदा महिने आधी. तो मसुदा आला की उशीर होणार हे आयोगाने स्वतःच मान्य केलं, असं समजायचं. त्यानंतर मंत्री काहीही म्हणोत.

मग बघा, अडवू कोण शकतं. सात वर्षांच्या अर्थसंकल्पाला सत्तावीसही देशांचा होकार लागतो आणि वर युरोपीय संसदेची संमती. शेतीच्या नियमांना मात्र पात्र बहुमत पुरतं: सत्तावीसपैकी पंधरा देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. २००९ च्या लिस्बन करारापासून त्यात संसदही बरोबरीची भागीदार आहे. म्हणून नियमांचा वाद मतदानाने मिटवता येतो, पैशाचा वाद एकटा देशही रोखून धरू शकतो. फ्रान्सची अध्यक्षीय निवडणूक एप्रिल २०२७ मध्ये आहे. त्याआधी शेतीच्या रकमेला कात्री लावायला पॅरिस राजी होईल, असं मला वाटत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे चान्सलर श्रोडर यांनी आपसात ठरवून शेतीखर्चाची पातळी २०१३ पर्यंत बांधून टाकली होती. बाकीच्यांना तिच्या आतच सुधारणा बसवाव्या लागल्या.

सदस्य देशांचे मंत्री जिथे बसतात त्या परिषदेचं अध्यक्षपद सहा-सहा महिन्यांनी फिरतं: २०२६ च्या दुसऱ्या सहामाहीत आयर्लंड, मग लिथुआनिया, मग ग्रीस. अध्यक्ष देशाला निर्णय लादता येत नाही, पण कोणता विषय कधी चर्चेला घ्यायचा हे त्याच्या हातात असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुधारणा योग्य आहे म्हणून ती होत नाही. १९६८ मध्ये तेव्हाचे युरोपीय कृषी आयुक्त सिको मान्सहोल्ट यांनी सांगितलं होतं की भाव चढे ठेवून छोट्या शेतकऱ्याचं भलं होणार नाही, फक्त न विकलेल्या मालाचे साठे वाढतील. निदान बरोबर होतं, उपाय कठोर होते. १९७१ मध्ये ब्रुसेल्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला, त्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला आणि योजनेतलं फारच थोडं कायद्यात उतरलं. पुढे लोणी आणि दूधपावडरचे साठे खरंच डोंगराएवढे झाले आणि संघाचा सुमारे दोन तृतीयांश पैसा शेतीवर जाऊ लागला. तेव्हा कुठे १९८४ मध्ये दुधाला कोटा आला.

१९९२ मध्ये तेव्हाचे कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी धान्याचा हमीभाव सुमारे ३० टक्क्यांनी उतरवला आणि त्याबदल्यात हेक्टरी भरपाई दिली. तेव्हा जागतिक व्यापाराच्या उरुग्वे फेरीचं घोडं शेती अनुदानावरच अडलं होतं. २००३ मध्ये त्या वेळचे कृषी आयुक्त फ्रान्झ फिशलर यांनी अनुदान उत्पादनापासून तोडलं. कागदावर तो फक्त 'मध्यावधी आढावा' होता. पण मागे व्यापार वाटाघाटींची दोहा फेरी होती आणि पुढच्याच वर्षी दहा नवे देश आत येणार होते. म्हणून तीन गोष्टी तपासा: तिजोरी आटते आहे का, व्यापाराची बोलणी शेतीवर अडली आहेत का, आणि नवा देश दाराशी आहे का.

सध्या पहिली आणि तिसरी, दोन्ही आहेत. संरक्षणावरचा खर्च वाढतो आहे आणि कोविडच्या काळात काढलेल्या सामायिक कर्जाची परतफेड २०२८ पासून सुरू होते. युक्रेन जून २०२२ पासून उमेदवार आहे आणि त्याच्याकडे चार कोटी हेक्टरांहून जास्त शेतजमीन आहे. हेक्टरी अनुदानाची आजची पद्धत एवढा भार पेलणार नाही. पण प्रवेश झाला तरी पूर्ण दर पहिल्या दिवशी मिळत नाही. २००४ च्या नव्या देशांनी २५ टक्क्यांपासून सुरुवात केली होती आणि १०० टक्क्यांपर्यंत पोचायला त्यांना जवळपास दशक लागलं.

बातमी वाचताना सवलत आणि सुधारणा यांत गल्लत करू नका. २०२४ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर रस्त्यावर आले, मार्चमध्ये प्रस्ताव आला आणि मेमध्ये कायदा झाला. चार टक्के जमीन पडीक ठेवायची सक्ती गेली. दहा हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पर्यावरणाच्या अटींवरील तपासणी आणि दंडातून मोकळीक मिळाली. अटी सैल करायला काही महिने पुरतात. पैसा एकाकडून दुसऱ्याकडे वळवायला वर्षं लागतात, आणि कित्येकदा तो वळतच नाही. मोठ्या शेतांच्या अनुदानावर कमाल मर्यादा घालायचा प्रस्ताव घ्या. २००२ मध्ये तो आला आणि गळला. २०१८ मध्ये एक लाख युरोंची मर्यादा सुचवली गेली, अखेर ती ऐच्छिक राहिली. २०२५ च्या प्रस्तावात एक लाखाचा आकडा पुन्हा आहे. ही मर्यादा सक्तीची व्हावी, असं मला मनापासून वाटतं. सुमारे ८० टक्के थेट अनुदान २० टक्के लाभार्थ्यांकडे जातं आणि माझ्यासमोर बसणारी माणसं उरलेल्या ८० टक्क्यांतली असतात.

म्हणूनच ब्रुसेल्स जे ऐच्छिक सोडतं, त्यासाठी आपल्या देशाच्या राजधानीकडे बघा. आयर्लंडने मूळ उत्पन्न अनुदानाला ६६,००० युरोंची मर्यादा स्वतः लावली आणि पहिल्या ३० हेक्टरांना जादा रक्कम दिली. राष्ट्रीय आराखडा लिहिला जात असताना स्थानिक संघटनेमार्फत लेखी म्हणणं द्या. ब्रुसेल्समधला मसुदा पक्का झाल्यावर छोट्या शेतकऱ्यासाठी उरलेली खरी जागा तीच असते.

मसुदा हातात आला की सर्वांत आधी 'संदर्भ वर्ष' शोधा, म्हणजे ज्या वर्षाच्या नोंदींवरून अनुदान ठरतं ते वर्ष. २००३ च्या सुधारणेत हक्काची रक्कम २००० ते २००२ या वर्षांवरून ठरली. तेव्हाच्या गुराढोरांच्या संख्येची छाया आयर्लंडमधल्या हक्कांवर अजून दिसते. ती पुसत आणायचं काम इतकं सावकाश चाललंय की २०२६ मध्येही प्रत्येकाला देशाच्या हेक्टरी सरासरीच्या किमान ८५ टक्के एवढीच हमी आहे. नवं संदर्भ वर्ष कोणतं हे ठरेपर्यंत एकाही वर्षीचा अर्ज चुकवू नका आणि कसत असलेली जमीन घाईने सोडू नका.

जमिनीचा करार पाच वर्षांचा करायचाच असेल, तर अनुदानाचे नियम बदलल्यास दोघांनाही भाडं नव्याने ठरवता येईल असं कलम त्यात आधीच घाला. गोठ्याचं कर्ज काढताना हप्ता अनुदानाशिवाय, फक्त दूध आणि वासरांच्या विक्रीतून निघतो का, ते बँकेत जाण्याआधी कागदावर मांडून बघा. निघत नसेल तर २०२८ च्या नियमांची वाट बघत आत्ता बांधकाम काढू नका.