एकच ईअरबड जोडला जाईना, तेव्हा
मालवणात आमचं घर किनाऱ्याला लागूनच. गेल्या आठवड्यात उजवा ईअरबड मोबाईलला जोडलाच जाईना, डावा ठणठणीत. ब्लूटूथ बंद-चालू केलं, यादीतून हेडसेट काढून पुन्हा पेअर केला. काही फरक नाही. मग ईअरबडची चार्जिंगची डबी उन्हात धरून पाहिली. उजव्या खाचेतल्या दोन बारीक पिनांवर हिरवट थर! खाऱ्या दमट हवेने गंज धरलेला, त्यामुळे बड चार्जच होत नव्हता. कापसाच्या काडीला जेमतेम आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं, सफाईसाठीचं अल्कोहोल) लावून पिना आणि बडवरचे चार्जिंगचे धातूचे ठिपके हलक्या हाताने पुसले, पूर्ण वाळू दिले. पाणी मात्र अजिबात लावू नका. अर्धा तास चार्जिंग, आणि दोन्ही कानांत आवाज! आता डबी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, पावसाळ्यात तर न चुकता.