आंबा ऑनलाइन विकताय? मग या चुका टाळा

“लाइक इले तीनशे, पण पेटी एक जाऊक नाय.” मागच्या मोसमात शेजारच्या वाडीतला एक तरुण बागायतदार मोबाइल माझ्यापुढे धरून बसला होता. फोटो झकास होते. सकाळच्या उन्हातली कलमं, झेल्यात उतरवलेली फळं, देठाचा चीकसुद्धा दिसत होता. फोटोखाली लिहिलं होतं फक्त “अस्सल देवगड हापूस”. भाव नाही, फळाचं वजन नाही, पेटी कोणत्या शहरात मिळेल ते नाही.

आमची बाग देवगडच्या सड्यावर, कातळातली. गेली काही वर्षं आम्ही माल दलालाकडे न देता पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पाठवतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्याही हातून झाल्या आहेत. त्या सुधारताना माझ्या लक्षात आलं की बागेतलं शहाणपण मोबाइल हातात घेतला की आपण विसरतो.

मोहोराला पीक समजणं

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, कधी हजाराच्याही वर. त्यातली पुष्कळशी नुसती नर. द्विलिंगी फुलांनाच फळ धरतं, आणि धरलेल्यातलीही बरीच सुपारीएवढी होण्याआधी गळून जातात. तुऱ्याला शेवटी एखाद-दुसरं फळ टिकलं तरी आपण समाधानी असतो. जाणता बागायतदार मोहोर बघून खोके मागवत नाही. पण पोस्टला तीनशे लाइक पडले की तोच माणूस हिशेब मांडायला बसतो. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

लाइक म्हणजे मोहोर. तो हवाच, पण वहीत लिहायचे आकडे वेगळे: किती जणांनी विचारलं, किती जणांचे पैसे जमा झाले, आणि किती जणांनी दुसरी पेटी मागितली. हे तीन आकडे रोज लिहिले की गळ नेमकी कुठे होते ते दिसतं.

लाइक भरपूर आणि विचारणा नाही, तर पोस्टमध्ये माहिती कमी आहे. डझनाचा भाव, फळाचं वजन, कच्चा पाठवणार की पिकलेला, कोणत्या शहरात कोणत्या वारी पोचणार, फोन नंबर. एवढं फोटोखालीच लिहा. “भावासाठी मेसेज करा” लिहिलं की निम्मी माणसं तिथूनच मागे फिरतात, हा माझा अनुभव.

विचारणा येते पण पैसे येत नाहीत, तर बहुधा आपण उत्तराला उशीर करतो किंवा गाडीभाडं शेवटी सांगतो. सकाळी सहापासून तोडणीवर असलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी मोबाइल बघणं शक्य नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं आणि गैरहजेरीचा मेसेज लावायची सोय आहे. “तोडणीवर आहोत, दुपारी दोननंतर उत्तर देतो” एवढं वाक्य आपोआप गेलं तरी माणूस थांबतो.

पहिली पेटी जाते आणि दुसरी मागत नाहीत, तेव्हा पोस्ट सुधारून काहीच होणार नाही. तिथे पेटी उघडून बघावी लागते.

ब्रॉडकास्ट पाठवला आणि पोचलाच नाही

ही चूक सर्वांत जास्त जण करतात आणि सर्वांत उशिरा लक्षात येते. व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केला असला तरी उपयोग नाही. आम्ही दोन मोसम भरलेल्या यादीला मेसेज पाठवून “लोकांना आता आंबा नको झालाय” असं म्हणत बसलो होतो. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना तो मेसेज मिळालाच नव्हता.

उपाय सापडला तो मधमाश्यांच्या पेटीपाशी. बागेत आम्ही सातेरीच्या काही पेट्या ठेवतो. चांगला मोहोर सापडलेली माशी परत येते आणि अंधाऱ्या पोळ्यावर पोट थरथरवत नाचते. नाचताना उभ्या रेषेशी ती जो कोन करते, तो सूर्याच्या दिशेशी फुलांचा कोन असतो. थरथरत जितका वेळ चालते तितकं अंतर. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि त्यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळालं. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते: नाचणारी माशी आणलेल्या मधुरसाची चवही इतरांना देते. म्हणजे दिशा, अंतर आणि नमुना, तिन्ही एकाच वेळी.

आता आपला ग्राहक बघा. कोथरूडच्या एखाद्या काकू शेजारणीला फोड देतात, “आंबे छान होते गं” म्हणतात. नमुना दिला, दिशा कुठेय? बागेचं नाव त्यांना आठवत नाही आणि नंबर दोन महिन्यांपूर्वीच्या चॅटमध्ये खाली गेलेला असतो. म्हणून आता आम्ही प्रत्येक पेटीत पोस्टकार्डाएवढ्या दोन चिठ्ठ्या टाकतो. एकीवर बागेचं नाव, गाव, नंबर, आणि “हा नंबर सेव्ह केलात तर पुढच्या तोडणीची तारीख कळवू”. दुसरी तीच, पण शेजाऱ्यांना द्यायला. छापायला फार खर्च येत नाही. जाहिरातीवर आम्ही आजवर जे पैसे घातले, त्यात सर्वांत चांगले लागले ते या चिठ्ठ्यांवरचे.

कल्टारसारखा बूस्ट

कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, मीटरला 3 मिली. पण शेजाऱ्याला जास्त आला म्हणून मात्रा वाढवणारे आणि खतपाणी मात्र विसरणारे आपण पाहिलेत. त्यांची कलमं काही वर्षांत थकतात, तुरे आखूड होतात.

पैसे देऊन पोस्ट बूस्ट करणं वाईट नाही. ती मोजून करायची गोष्ट आहे. आपण पाठवतो पुणे, मुंबई, नाशिकला, आणि प्रेक्षक निवडताना अख्खा देश ठेवतो. पैसे संपतात आणि विचारणा येते जिथे गाडी जातच नाही तिथून. शहर निवडा, तोडणीच्या आधीचे चार-पाच दिवस निवडा, थोड्या रकमेने सुरुवात करा. आणि विकत मिळणाऱ्या फॉलोअरच्या वाटेला जाऊच नका. ती खाती आंबा खात नाहीत, पोस्ट बघत नाहीत, आणि दहा हजारांत दहा जण बोलतात हे खरं गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

भर मोहोरात फवारणी

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये, कारण परागीकरण करणाऱ्या माश्या आणि मधमाश्याच मरतात. ग्राहकांच्या यादीवर रोज “शुभ सकाळ”, सणाच्या शुभेच्छा, आणि दुपारी पुन्हा “मर्यादित साठा” मारणं हे त्याच प्रकारचं आहे. लोक भांडत नाहीत, गुपचूप म्यूट करतात. मोसमात आठवड्याला एक मेसेज, त्यात तोडणीची तारीख आणि भाव, एवढा पुरतो. अक्षय तृतीयेला पिकलेला आंबा हवा असेल तर कच्ची पेटी कधीपर्यंत मागवावी, हे आधी सांगणारा मेसेज लोक स्वतःहून पुढे पाठवतात.

पावसाळ्यात मात्र अगदी गप्प राहू नका. पालवी पक्व झाल्याशिवाय मोहोर येत नाही, तसं मार्चमध्ये एकदम उगवलेल्या विक्रीच्या पानावर कुणी भरवसा टाकत नाही. महिन्याला एखादा फोटो घाला: छाटणी, खत घालणं, सड्यावर साचलेलं पाणी.

घाणेरीचं फूल

बांधावरच्या घाणेरीचा गुच्छ नीट बघा. नुकती उमललेली फुलं पिवळी, जुनी झालेली केशरी-गुलाबी. पिवळ्यात मधुरस असतो. रंग बदललेल्यात जवळजवळ काहीच नसतो. फुलपाखरं पिवळ्यावरच बसतात. जुनी फुलं गळत नाहीत, त्यांच्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो, पण जवळ आलेल्याला ती फसवत नाहीत.

आपल्या पानावर गेल्या वर्षीचा भाव आणि संपलेल्या मालाची पोस्ट अजून ताज्यासारखी झळकत असते. पोस्ट काढू नका, रंग बदला: पहिल्या ओळीत “या तोडणीचा माल संपला, पुढची तारीख अमुक”. गूगल नकाशावरचा नंबर आणि वेळही मोसमाच्या सुरुवातीला तपासा. आणि भौगोलिक मानांकनाचं चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तरच लावा. 2018 मध्ये हापूसला ते मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, पण त्या जिल्ह्यात बाग असणं एवढंच पुरेसं नाही.

पैशांबद्दल एकच: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. वीस पेट्यांची ऑर्डर देऊन “कोड पाठवलाय, स्कॅन करा” म्हणणारा ग्राहक नव्हे. फोन ठेवून द्या.

साक्याची तक्रार पुसून टाकणं

साका, म्हणजे गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, बाहेरून दिसत नाही. कापल्यावरच कळतं, आणि तोवर पेटी पुण्याच्या स्वयंपाकघरात असते. ग्राहक फोटो काढून पोस्टखाली टाकतो, आणि घाबरून आपण ती टिप्पणी पुसतो. आम्हीही एकदा पुसली. त्या बाईंनी मग आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तिथे आम्हाला उत्तर द्यायला जागाच नव्हती.

टिप्पणी राहू द्या. त्याखालीच लिहा: किती फळं खराब निघाली ते कळवा, तेवढी पुढच्या पेटीत जास्त देऊ किंवा पैसे परत करू. मग फोन करा. त्या पेटीवरच्या तारखेवरून तोडणी शोधा. उतरवलेली फळं उन्हात, तापलेल्या कातळावर पडून राहिली होती का ते गड्यांना विचारा. पुढच्या खेपेला त्यांची पेटी भरण्याआधी त्याच तोडणीतली, आढीत पिकलेली दोन-तीन फळं कापून बघा, आणि कापलेल्या फळाचा फोटो पेटी निघायच्या आदल्या रात्री त्यांना पाठवा.