पुरुषांसाठीचं जेल तपासताय? या चुका टाळा

संबंधांनंतर लावायचं जेल लैंगिक आजार रोखतं का, हे तपासायला निघालेली मुलं हमखास म्हणतात, "मॅडम, लॅबमध्ये जंतू मरतात, मग आणखी काय हवं?" बरंच काही हवं. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारणारं औषध लॅबमध्ये एचआयव्हीही मारायचं. पण बेनिन, कोत दिव्वार, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांवर चाचणी झाली, तेव्हा वारंवार जेल वापरणाऱ्यांत लागण उलट जास्त निघाली. २००२ साली ते निष्कर्ष छापून आले. जंतू मारणारं औषध नाजूक त्वचाही सोलू शकतं आणि सोललेली त्वचा म्हणजे उघडं दार. म्हणून मी आधी त्वचाच बघायला लावते. पुरुष डॉक्टर, चांगला उजेड, शिश्नाच्या पुढच्या कातडीची आतली बाजू. नुसतं "जळजळतं का?" विचारून भागत नाही, पुरुष लाजेनं "नाही" म्हणून मोकळे होतात.

दुसरी चूक घाईची. एका तरुण संशोधकानं मालीम जेटीवरचे खलाशी निवडले आणि एप्रिलात सुरुवात केली. पाठपुरावा तीन महिन्यांचा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे जेटीवरच्या चहावाल्यानंही सांगितलं असतं. ट्रॉलर बांधले गेले, खलाशी झारखंड-ओडिशातल्या घरी गेले. मग हा फोनवर विचारू लागला, "जेल नियमित वापरलं ना?" बायको शेजारी बसलेली असताना कोण खरं बोलणार? रजिस्टरभर "हो". जे परत आले, त्यांनी रिकामी पाकिटं दिली. सगळी एकाच बाजूनं, एकसारखी फाडलेली, आतून अजून ओली. पाकिटामागे पैसे ठरले होते, त्यामुळे त्याच सकाळी जेल ओतून टाकलेलं. मी पैसे भेटीचे देते, पाकिटांचे कधीच नाही. सुरुवात ऑगस्टात करते, आणि संमती तांडेलासमोर, म्हणजे बोटीच्या प्रमुखासमोर, घेत नाही. त्याच्या पुढ्यात खलाशी नकार देऊच शकत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सुरुवातीलाच तपासणी करा, नाहीतर जुनी लागण नवी म्हणून मोजाल. सिफिलिसची खूण दिसायला ९० दिवसही लागू शकतात. लक्षणांवर विसंबू नका, क्लॅमिडिया बहुतेकदा गुपचूप राहतो. लघवीची नॅट चाचणी (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) करा. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलेलं बिनऔषधी जेल झोंबलं नाही आणि खरं झोंबलं, तर कोणाला काय मिळालं ते जेटीभर कळतं. नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी हवी. "नंतर करू" म्हणणाऱ्यासोबत मी काम करत नाही.

आणि कंडोम दोन्ही गटांना द्या, प्रत्येक भेटीत, न मागता. त्यामुळे लागण कमी होईल, फरक दिसायला जास्त माणसं आणि जास्त वेळ लागेल. लागू द्या.