चेनसॉची तुलना अन् ट्यूनिंग: या चुका टाळा, ब्लॉक वाचवा

सेलूतल्या माझ्या दुकानात फवारणीचे पंप, ब्रश कटर अन् चेनसॉ असे तीन जातीचे पेशंट येतात, त्यात चेनसॉवाला माणूस सगळ्यात चिडून येतो, कारण त्याचं झाड अर्धं कापून तिकडं बांधावर उभं असतं. मागं घनसावंगीकडचे एक मामा आले, मोसंबीची जुनी बाग काढायचं काम घेतलेलं, टेम्पोत दोन मशीन. एकीवर ६२ सीसीचं स्टिकर, ऑनलाइन मागवलेली, दुसरी ५० सीसीची प्रोफेशनल, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. मामा म्हणले, "भाऊ, बासष्टवाली मागं पडायलीय अन् पन्नासवाली पुढं पळायलीय, हे कामून?" हाच प्रश्न मला फिरून फिरून येतो अन् दरवेळी त्याच त्या चुका निघतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकायलोय.

स्टिकर बघून ताकद ठरवू नका

सीसी फक्त सांगते ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली फिरतो त्या सिलिंडरमध्ये, जागा किती. त्या जागेतून ताकद किती निघणार ते पोर्ट (ब्लॉकची हवा-धुराची भोकं), कार्बोरेटर, सायलेन्सर अन् मशीन किती आरपीएमला ओढते ह्यावर आहे. स्टिल (Stihl) कंपनीची एमएस ३८२ अन् एमएस ४६२ बघा, दोन्ही ७२.२ सीसी, पण पहिली ३.९ किलोवॅट अन् दुसरी ४.४, वर वजनाला दुसरीच थोडी हलकी. हस्कवर्ना कंपनीच्या एक्स-टॉर्क इंजिनवाल्या ३६५ अन् ३७२ एक्सपी, दोन्ही ७०.७ सीसी, तरी एक ३.६ किलोवॅट तर एक ४.१. म्हणून किलोवॅट विचारायचं अन् वजन विचारायचं, किलोवॅटला १.३४ नं गुणलं की एचपी आली. एमएस २६१ ही ५०.२ सीसीत ३ किलोवॅट देते, अन् एमएस २५०, जी लोक 'तेवढीच तर हाय की' म्हणून घेतात, ती ४५.४ सीसीत २.३. पाचच सीसीचा फरक दिसतो पण ताकद जवळपास पाव हिस्सा कमी, वाळलेल्या बाभळीत हे पहिल्याच कटला कळतं.

मामांची बासष्ट मी खोलली तेव्हा मापाचा व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे ब्लॉकची आतली रुंदी, ४५.२ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ३४. हिशोब सोपा आहे, बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, ०.७८५ नं गुणा अन् मग सेंटिमीटरमधल्या स्ट्रोकनं गुणा, आलं साडेचोपन्न. मामा स्टिकरकडं बघायले, मग माझ्याकडं, मग म्हणले, "साडेसात सीसी टेम्पोत सांडली का काय." असल्या मशीनवर एकाच ब्लॉकला कधी ५२, कधी ५८, कधी ६२ चं स्टिकर लागलेलं असतं. मशीन टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, घरच्या बांधावरच्या चार बाभळी काढायला ती पुरते, पण तिची तुलना प्रोफेशनल मशीनसोबत स्टिकरवरून करायची नाही.

बोथट चेन अन् धारदार चेन, मग कसली तुलना

बासष्टवालीच्या बारवर, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्यावर, बोट फिरवलं तर हाताला पीठ लागलं, गव्हाच्या पिठासारखं बारीक. धार असलेली चेन लांबट चिप्स फेकते, पीठ पडायलंय म्हणजे दात कापत नाहीत, घासायलेत. मामांनी जेसीबीनं मुळासकट उपटलेली झाडं कापली होती, सालीत काळी माती भरलेली, वर एका बुंध्यात जुनी तारेच्या कुंपणाची कडी निघाली. माती अन् तार लागली की नवी चेन पाच मिनिटात संपते. म्हणून उपटलेलं खोड असेल तर आधी कुऱ्हाडीनं सालीचा पट्टा काढा नाहीतर ब्रशनं तरी झाडा, अन् बांधावरची बाभूळ असेल तर तार-खिळा बघूनच बार लावा.

मग मी दोन्ही मशीनला नव्या चेन चढवल्या, एकच ओंडका, एकाच जाडीचे कट, मोबाईलवर स्टॉपवॉच. पन्नासवालीच पुढं राहिली, पण सकाळचा डोंगराएवढा फरक वीतभर झाला. मामांची अर्धी तक्रार चेनची होती.

धार लावताना कानस चुकीची वापरणारे मोप आहेत. चेनचा पिच (कड्यांमधलं अंतर, इंचात) बघून, थ्री-एट्थ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, पॉइंट ३२५ ला ४.८, मोठ्या थ्री-एट्थला ५.२ किंवा ५.५, एवढं पाठ करून टाका. अन् प्रत्येक दातापुढं जो बुटका उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे. दात घासून घासून खाली आले अन् उंचवटा तसाच ठेवला तर चेन कितीही चमकू द्या, लाकडात उतरत नाही, मग माणूस मशीनला दोष देतो नाहीतर वरून दाबतो, दाबलं की क्लच गरम.

पार्टचा खर्च ब्लॉकवरून काढू नका

गिऱ्हाईक नेहमी विचारतं, ब्लॉक-पिस्टन कितीला पडंल? अरे बाबा, मशीन नीट चालवली तर ब्लॉक वर्षानुवर्ष बदलावा लागत नाही, पैसा जातो तो चेन, बार, चेन फिरवणारा गरारी, फिल्टर, प्लग अन् स्टार्टरच्या दोरीत. दोन चेन झिजल्या की तिसरी घालताना गरारी बदलायचाच, जुन्या गरारीवर नवी चेन घातली की ती पण लवकर मरते. बार दर धार लावताना उलटा करा, एकीकडूनच झिजला की खोबण चौडी होते अन् कट वाकडा जायला लागतो.

अजून एक खर्च कुणी मोजतच नाही. दोन कंपनीच्या दोन मशीन घेतल्या की दोन जातीच्या चेन ठेवाव्या लागतात. मोठ्या मशीनमध्ये स्टिलकडं १.६ मिमी जाडीची चेन चालते, हस्कवर्नाकडं जास्त करून १.५, बारची भोकंही जुळत नाहीत, म्हणजे एकीची चेन तुटली तर दुसरीची लावून दिवस काढू असं होत नाही. अन् दुकानात येऊन "अठरा इंची द्या" म्हणू नका, पिच, जाडी अन् ड्राइव्ह लिंकची (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कड्यांची) संख्या सांगा, हे तिन्ही बहुतेक बारवरच कोरलेलं असतं, तेलकट झालेलं असतं म्हणून दिसत नाही एवढंच.

चेनला जळकं ऑइल घालू नका. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल फुकटात मिळतं खरं, पण त्यात धातूची भुकटी असते, ती बारच्या खोबणीत अन् ऑइल पंपात फिरते. फुकटच्या तेलापायी बार अन् पंप दोन्ही गेलेले मी बघितलेत.

आता ट्यूनिंग, खरा घोळ इथंच

आधी माझीच चूक सांगतो. मे महिन्यात, पारा ४३ च्या आसपास, माझी स्वतःची ५० सीसी मी एकदम टणाटण ट्यून केली. डिसेंबरात सकाळी सात वाजता, आपल्या परभणीकडं तेव्हा पारा सात-आठवर उतरतो, पडलेलं बाभळीचं खोड कापायला घेतलं. तिसऱ्या कटला आवाज एकदम किंचाळल्यासारखा चढला, मला वाटलं वा काय पळायलीय, अन् गप्पकन बंद. दोरी हलंना. सायलेन्सर काढून टॉर्च मारली तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभ्या रेघाच रेघा, नखानं ओरबाडल्यासारख्या. थंड हवा दाट असते, ४३ अंशापेक्षा ८ अंशाला तेवढ्याच जागेत साधारण १२ टक्के जास्त हवा मावते, पेट्रोल मात्र स्क्रूनं दिलं तेवढंच जातं. मशीन लीन झाली, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, पेट्रोलसोबत जे ऑइल आत जायचं तेही कमी पडलं अन् ब्लॉक धरला. तेव्हापासून दिवाळी झाली की एच स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, थोडा खोलून बघतो, होळीनंतर परत आवळतो.

ब्लॉक मात्र मी फेकला नाही. असा सीज झाल्यावर, म्हणजे पिस्टन धरल्यावर, ब्लॉकच्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटतं, आतलं प्लेटिंग शाबूत असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीनं फक्त त्या रेघेवर लावून ते काढता येतं, मग बारीक पॉलिश पेपर अन् नवा पिस्टन-रिंग. हातमोजे घाला, उघड्यावर करा, पोर्टच्या कडेच्या उघड्या ॲल्युमिनियमला ॲसिड लागू देऊ नका, ते खाऊन टाकतं. नखाला खड्डा लागत असेल तर मात्र ब्लॉक गेला.

एच (पूर्ण रेसचं पेट्रोल), एल (कमी रेसचं पेट्रोल) अन् आयडल (रेस न देता मशीन किती वेगानं चालते) असे तीन स्क्रू असतात. एच-एल उजवीकडं आवळले की पेट्रोल कमी, डावीकडं खोलले की जास्त. लोकांची सवय अशी की मशीन ओढत नाही म्हणलं की आधी एच आवळतात, आवाज चढतो, ताकद आल्यासारखं वाटतं. चढलेला आवाज ही ताकद धरू नका. बरोबर ट्यून असलेली मशीन रिकामी पूर्ण रेसवर थोडी बोबडी, फडफडत बोलते अन् लाकडात बार घातला की तोच आवाज साफ होतो. लाकडातही फडफडत राहिली तर पेट्रोल जास्त, रिकामी असतानाच साफ किंचाळायली तर कमी, लगेच बंद करा.

इथं एक फसगत आहे. बऱ्याच नव्या मशीनच्या ठिणगी देणाऱ्या कॉईलमध्ये लिमिटर असतो, ठरलेल्या आरपीएमला तो ठिणगी तोडतो अन् आवाज हुबेहूब तसाच फडफडतो. कानाला वाटतं पेट्रोल जास्त हाय, माणूस अजून आवळतो, अन् मशीन लीन असूनही फडफडतच राहते. म्हणून टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम मोजायचं मीटर, घ्या, वायरजवळ धरायचा छोटा मिळतो. पुस्तकातला जास्तीत जास्त आरपीएम, मोठ्या प्रो मशीनला तो साधारण १३ ते १४ हजार असतो, त्याच्या थोडं खाली ठेवा. आयडल २७००-२८०० च्या आसपास, अन् आयडलला चेन फिरता कामा नये.

स्क्रूला हात लावायच्या आधी फिल्टर धुवा, प्लग बघा, मशीन चार-पाच मिनिटं गरम करा. घाण फिल्टरवर ट्यून केलं अन् नंतर फिल्टर धुतला तर तीच मशीन लीन होते. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, वरच लटकत असेल, तर हवा कुठूनतरी घुसायलीय, कार्बोरेटरचा रबर नाहीतर क्रँकची ऑइल सील, तिथं स्क्रू फिरवून काही होणार नाही. रेस दिल्यावर गचका खाऊन मरत असेल तर एल थोडा खोलून बघा.

अन् पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, आपल्याच उसाचं म्हणा, पण बऱ्याच चेनसॉच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच लिहिलेलं असतं. इथेनॉलला हवा कमी लागते म्हणजे तेवढ्याच स्क्रूवर मिश्रण आपोआप लीन, ते पाणी ओढतं अन् कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक करतं. मी एच एखादा अष्टमांश फेरा खोलतो अन् काम संपलं की टाकी रिकामी करून आयडलवर चालवून विझवतो. एकदा पावसाळाभर भरून ठेवलेली मशीन खोलली तर डायफ्राम पापडासारखा ताठ. टूटी ऑइलही (टू-स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं) मापानं घाला, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. 'जास्त ऑइल बरं असतं' म्हणून डबल ओतणारे आहेत, पण जेटमधून जाणारी जागा तेवढीच, ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं.

ट्यूनिंगच्या सोयीनं तुलना करायची तर तीन प्रकार. साधे स्क्रू बाहेर असलेली मशीन तालुक्यात कुणीही बघतो. काही मशीनमध्ये स्क्रूवर टोपी असते किंवा डोक्याचा आकार वेगळा, त्याला खास पाना लागतो, तो नसला की पोरं पकडीनं डोकं खातात. तिसरी स्टिलची एम-ट्रॉनिक अन् हस्कवर्नाची ऑटोट्यून, ती स्वतःच मिश्रण सांभाळते, डिसेंबर-मेची कटकटच नाही, मला ती आवडते. पण बिघडली तर लॅपटॉप जोडून बघणारा सर्व्हिसवाला लागतो अन् तो तुमच्या गावापासून किती लांब आहे ते घ्यायच्या आधी विचारा.

मामांनी शेवटी विचारलंच, "मग नवी कोणती घेऊ?" मी म्हणलं, मोसंबीच्या खोडाला ५० सीसी रग्गड झाली, हीच ठेवा, तीन चेन अन् एक डझन कानशी घ्या, सत्तर सीसी चिंचेच्या बुंध्याला लागते, अन् चिंच-आंबा तोडायचा तर आधी परवानगी काढा. मामांना पटलं का नाही कळंना, गेले गप. तीन दिवसांनी फोन, मागं मशीनचा आवाज, "भाऊ, चेन पाहिजे. पॉइंट तीनशे पंचवीस, एक पॉइंट सहा, सदुसष्ट लिंक. अन् स्क्रूला हात लावलेला नाही, बरं का."